बाफल्यानंतरची झोप

“पहिला घास अक्कांचा, हे कबूल,” गोपाळकृष्णराव म्हणाले. “पण दुसरा घास जावयाचा की यजमानाचा, हे एकदाचं ठरून जाऊ द्या. दर रविवारी तोच झगडा नको.”

“घर माझं, मुलगा माझा, ताट माझ्या मुलाचं,” भय्यासाहेब म्हणाले. “दुसरा घास माझा.”

“आणि माझा जावई काय देवास गेटच्या मोटार स्टँडवर सापडला?” अक्कांनी धाकट्या भावाला विचारलं.

विनोदिनी पाटावर बसून ऐकत होती. तिचा क्रमांक चौथा होता आणि त्याबद्दल मात्र कुणाचाच वाद नव्हता. भावंडांत ती सर्वांत धाकटी, लग्न न केलेली, शाळेत पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावणारी. तिला चौथा घास मिळतो ही मेहेरबानीच होती.

ताट श्रीधरचं होतं, आणि श्रीधर त्या ताटापासून हातभर लांब, भिंतीला पाठ लावून बसला होता. भय्यासाहेबांचा हा एकुलता एक मुलगा. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यांना हसवून हसवून रडवणारा. आता त्याच्या सदऱ्यात दुसरा एक श्रीधर सहज मावला असता.

हे चाखण्याचं प्रकरण पावसाळ्यात सुरू झालं. एका संध्याकाळी श्रीधरनं वाढलेलं ताट सरकवलं आणि हळूच म्हणाला, “यात काहीतरी घातलंय. मी नाही खाणार.” दुसऱ्या एखाद्या घरात आई रडली असती, बाप ओरडला असता आणि कुणीतरी शहाणं माणूस डॉक्टरकडे धावलं असतं. पण हे आंबर्डेकरांचं घर होतं. यांचे पणजोबा शिंदे सरकारच्या मुदपाकखान्यात, म्हणजे खाशा स्वयंपाकघरात, चाखायच्या कामावर होते. धन्याच्या ताटातला पहिला घास त्यांनी खायचा, मग सगळ्यांनी त्यांच्याकडे बघत बसायचं, आणि ते जिवंत राहिले की धन्यानं जेवायचं. या कामात त्यांना कधी काही झालं नाही. ते गेले ते म्हातारपणी, पैज लावून आंबे खाताना.

तेव्हा श्रीधरनं ताट सरकवताच अक्कांच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. “रक्त बोलतंय गं रक्त!” त्या म्हणाल्या. “चार पिढ्या मुक्यानं जेवल्या. शेवटी माझ्या भाच्याच्या तोंडून बोललं!” आणि त्यांनी जागच्या जागी पहिला घास घेतला.

तेव्हापासून घराला जणू सरकारी काम मिळालं. संस्थान गेल्यावर आंबर्डेकरांना अशी प्रतिष्ठा मिळालीच नव्हती. अक्कांनी नियम केले. चाखणाऱ्यानं उजव्या बाजूनं घ्यायचं. प्रत्येक पदार्थाचा घास वेगळा. आणि जिनं रांधलं तिनं चाखायचं नाही, कारण मुदपाकखान्याचा तसा कायदाच होता. म्हणजे अहल्यावहिनींनी, पोराच्या आईनं, स्वयंपाक करायचा आणि दारात उभं राहून बघायचं, की आपल्या हातचं खाऊन कुणी मरतंय का.

चार जणांनी चाखून झालं की ताटात उरायचं काय? लोणचं. श्रीधर वाळत गेला आणि घर सुटत गेलं. भय्यासाहेबांच्या कोटाचं बटण दसऱ्याला तुटलं. गोपाळकृष्णराव पूर्वी महिन्यातून एकदा सासूच्या भेटीला यायचे, ते आता दर रविवारी उज्जैनच्या देवास गेटकडून रेल्वेचा पूल ओलांडून माधव नगरात हजर होत. “कर्तव्य आहे,” म्हणायचे. “पोराच्या जिवाचा सवाल आहे.”

बाकीच्या गोष्टींनाही घरात अशीच मानाची नावं मिळाली होती. श्रीधर आंघोळ करत नाही? वैराग्य आलंय. एकटाच बोलतो, मधेच थांबून कुणाचं तरी ऐकतो? नाटकाची तालीम असेल. खिडक्यांना आतून कागद चिकटवले? फोटो धुण्याचा नाद लागलाय. गोपाळकृष्णरावांनी तर त्याच्यासाठी कॅमेऱ्याची चौकशीही करून ठेवली होती. कॅमेरा घरात कधी नव्हताच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

विनोदिनीच्या ध्यानात आलं, पण उशिरा. तीही चौथा घास खातच होती, आणि वहिनींच्या हातची आमटी होतीच तशी. मग एका दिवशी घास घेताना तिनं श्रीधरकडे नीट पाहिलं. वर्गात तिला एक गोष्ट पाठ झाली होती. पोर खोटं बोलत असेल तर ते बाईंच्या तोंडाकडे बघतं. पोर भ्यालेलं असेल तर दाराकडे बघतं. श्रीधर दाराकडे बघत होता.

ती दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर डॉक्टर पळशीकरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. कधीपासून, झोपतो का, कुणाचे आवाज ऐकू येतात असं म्हणतो का, जिवाचं बरंवाईट करण्याचं कधी बोलला का, असं एकेक विचारलं. मग म्हणाले, “विनोदिनीबाई, हा आजार दिसतो. वैराग्य नाही आणि रक्त तर मुळीच नाही. स्किझोफ्रेनिया म्हणतात. पण मी पोटदुखी-तापाचा डॉक्टर. इंदूरला माझे एक स्नेही याच आजारांचं बघतात, नवं औषधही आलंय. मुलाला घेऊन या. आणि वाट बघत बसू नका. जितका उशीर, तितकं अवघड.”

तिनं घरी येऊन हे सांगितलं, तर भय्यासाहेब आधी हसले आणि मग चिडले.

“आधी ग्वाल्हेर संस्थान,” ते बोटं मोजत म्हणाले, “मग मध्यभारत. आता पहिल्या तारखेपासून मध्यप्रदेश. ग्वाल्हेर राजधानी, मग इंदूर राजधानी, आता म्हणे भोपाळ! अख्ख्या मुलखाचं डोकं ठिकाणावर नाही विनू, आणि तू एकट्या माझ्या पोराला धरतेस?”

“मुलखाला भूक लागत नाही, भय्या. त्याला लागते.”

“दिवाळी झाली की माझ्या ऑफिसबरोबर आम्ही सगळे भोपाळला. हवा बदलली की बिलकुल ठीक होईल. आणि ते नाव पुन्हा या घरात काढायचं नाही.”

म्हणजे उरले होते ते दिवाळीपर्यंतचे दिवस. एकदा भोपाळला गेले, की तिथं ना ओळखीचा डॉक्टर, ना विनोदिनी; तिची शाळा इथंच होती. आणि श्रीधरचं मनगट तर आताच तिच्या दोन बोटांत मावत होतं.

या रविवारी दाल-बाफल्यांचा बेत होता. उज्जैन सोडून जाणाऱ्याला बाफले घातल्याशिवाय कुणी जाऊ देत नाही. ज्यांनी ते खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगायला हवं. जाड्याभरड्या कणकेचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. शिंपडायचं नाही, बुडवायचं. वर तुरीचं दाट वरण. पुढे चुरम्याचे लाडू. मालव्यात बाफल्यांच्या जेवणाला बोलावतात तेव्हा पाहुण्याला उशीही आधीच काढून ठेवतात.

शेवटी दुसरा घास जावयाला मिळाला. भय्यासाहेब फुरंगटून बसले.

“अक्का, गिळलात?” श्रीधरनं विचारलं. त्याचा आवाज मऊ होता, आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्याचा असतो तसा.

“गिळला रे बाळा. झकास झालाय.”

“थोडं थांबू या.”

सगळे थांबले. श्रीधर मधेच मान कलती करून भिंतीकडे ऐकत होता. भिंतीपलीकडे गल्ली होती आणि गल्लीत एक गाय.

“काय म्हणतात रे?” विनोदिनीनं हळूच विचारलं. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. “तुला ऐकू येतं, विनूआत्या?”

“नाही. मला नाही येत. पण तुला येतं, आणि तुला त्याची भीती वाटते, एवढं मला दिसतं.”

तो काही बोलणार, तेवढ्यात अक्का ओरडल्या, “अगं अहल्ये, तूप थिजलं बघ! थंडगार बाफला खाईल का पोर? गरम आण!”

गरम बाफला आला. पण तो नवा बाफला होता, म्हणजे तो नव्यानं चाखायला हवा होता. अक्कांनी चाखला. जावईबापूंनी चाखला. भय्यासाहेबांचा रुसवा तुपाच्या वासानं पळाला आणि त्यांनी मागचा हिशेबही भरून काढला. पुन्हा थांबणं आलं. पुन्हा तूप थिजलं. पुन्हा गरम बाफला आला.

“मला वाटतं यात किंचित कडवट लागतंय,” गोपाळकृष्णराव तिसऱ्या फेरीला गंभीरपणे म्हणाले. “खात्री करायला आणखी एक बघतो.”

“जावईबापू, जपून हो!”

“सासूबाई, आता माघार नाही.”

लाडूही तसेच गेले. शेवटी श्रीधरच्या पुढ्यात अर्धा बाफला आणि थोडं वरण राहिलं. त्याला त्यानं हात लावला नाही. दारात उभ्या वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत वळल्या. चुलीपाशी बसून त्यांनी कसेबसे दोन घास खाल्ल्याचं विनोदिनीनं पाहिलं. कितीतरी रात्री त्या पोराच्या दाराशी जागून काढत होत्या.

मग जे व्हायचं ते झालं. आधी गोपाळकृष्णराव बोलता बोलता वाक्याच्या मधोमध आडवे झाले. ‘भोपाळचं पाणी’ एवढं म्हणाले; पाण्याचं काय ते आजतागायत कळलेलं नाही. भय्यासाहेबांनी भिंतीला टेकून डोळे “फक्त मिटले”. अक्का जपमाळ घेऊन बसल्या आणि जपमाळेसकट कलंडल्या.

विनोदिनीनं ठरवलं होतं की आपण झोपायचं नाही. सगळे निजले की श्रीधरशी एकटीनं बोलायचं. झोप घालवायला तिनं मनात एकोणतिसाचा पाढा धरला, कारण तो तिला वर्गातही कधी सरळ आला नव्हता. एकोणतीस पंचे एकशेपंचेचाळीस… एकोणतीस सक…

छातीला काहीतरी गार लागलं.

“ही पण जिवंत आहे,” कुणीतरी म्हणालं.

विनोदिनीनं डोळे उघडले. डॉक्टर पळशीकर तिच्यावर वाकले होते, कानांत नळ्या. त्यांच्या मागे अख्खी गल्ली. पलीकडे गोपाळकृष्णराव घंगाळावर ओणवे झाले होते आणि शेजारचे दोघं त्यांना मिठाचं पाणी पाजत होते.

“अहो, मला काही झालेलं नाही!” गोपाळकृष्णराव कळवळून ओरडत होते. “मी जेवलोय! फक्त जेवलोय!”

“सब ऐसा ही बोलते हैं,” एक शेजारी समजूत घालत म्हणाला. “पियो भैया, पियो.”

अक्का उठून बसल्या. समोर गर्दी बघून त्यांना वाटलं कुणीतरी गेलं, म्हणून त्यांनी आधी मोठ्यानं गळा काढला आणि मग विचारलं, “कोण गेलं रे?”

“कोणी नाही गेलं, अक्कासाहेब,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी नळ्या काढल्या, पालथ्या पडलेल्या तुपाच्या तांब्याकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं. “बाफले?”

“बाफले,” विनोदिनी म्हणाली.

दारात टांगेवाला उभा होता. “बाईजी, सब ज़िंदा हैं?”

“हां भैया. सब.”

“तो ये छोटे बाबू रो क्यों रहे हैं?”

तेव्हा सगळ्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. श्रीधर तिथं बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. पावसाळ्यापासून ज्यानं घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ज्याला गल्लीतली माणसं आपल्यावरच टपलीत असं वाटायचं, तो भर दुपारी पूल ओलांडून, देवास गेटच्या गर्दीतून, अनवाणी धावत गेला होता. त्याच्या अंगठ्याचं नख उचकटलं होतं आणि पायरीवर रक्ताचे ठसे उठले होते.

“माझ्या दवाखान्यात आला,” डॉक्टर म्हणाले, “आणि म्हणाला, ‘माझं विष माझ्या घरच्यांनी खाल्लं. चला.’ एवढंच. टांग्यात पूर्ण वेळ माझा हात धरून होता.”

गोपाळकृष्णरावांनी पेला खाली ठेवला.

श्रीधरनं डोकं वर केलं. “आई कुठंय?”

अहल्यावहिनी स्वयंपाकघराच्या दारात, झोपेनं आणि भीतीनं अर्धवट, उभ्या होत्या.

“आई पण पडली होती,” तो विनोदिनीला म्हणाला, एखादं अवघड गणित सुटल्यासारखा. “चुलीपाशी. ते म्हणत होते, आईच घालते. पण आई पण पडली होती. म्हणजे आई त्यांच्यात नाही.”

वहिनींनी पुढं होऊन त्याचा पाय मांडीवर घेतला आणि पदरानं पुसायला लागल्या. त्यानं पाय ओढून घेतला नाही.

भय्यासाहेब त्या पायाकडे बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, “डॉक्टर, ते… तुम्ही विनूला काय नाव सांगितलं होतं?”

“स्किझोफ्रेनिया.”

“हे आमच्याकडून झालं का?”

“नाही. तुमच्यामुळे नाही, आईमुळे नाही, त्याच्यामुळे तर नाहीच. ताप येतो तसा आजार येतो. त्याला जे ऐकू येतं ते त्याच्यासाठी खरं आहे. त्यावर भांडू नका. पण तुम्ही त्यात सामीलही होऊ नका. तुम्ही दरबार भरवून ताट चाखलंत, तर विष आहे हे पक्कंच होतं ना?”

अक्कांचा चेहरा पडला. “मग ते रक्त नव्हतं बोलत?”

“नाही, अक्कासाहेब.”

“मला वाटलं, आमच्या पणजोबांचं…” त्यांनी जपमाळ उचलली, खाली ठेवली. मग सगळी ताकद गोळा करून जावयाकडे वळल्या. “आणि तुम्ही हो! पोर उपाशी आणि तुम्ही तीन-तीन बाफले हाणता?”

“मी? सासूबाई, नियम कुणी केले?”

“नियम केले म्हणून काय एवढं गिळायचं?”

“अक्का,” भय्यासाहेब म्हणाले, “भोपाळचं नंतर बघू. ऑफिसला रजा टाकतो.” आणि सहसा न बोलणाऱ्या आपल्या बायकोला त्यांनी विचारलं, “चालेल ना गं?”

“मी पावसाळ्यापासून हेच म्हणतेय,” अहल्यावहिनी मान वर न करता म्हणाल्या. “पण मी रांधणारी. माझा घास कुठं होता यात?”

विनोदिनी श्रीधरच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. नवं अक्षर शिकवताना बसायची तशी, त्याच्या समोर नाही, बाजूला.

“आम्हाला विष बाधलं असं वाटल्यावर तू काय केलंस, श्री?”

“डॉक्टर आणला.”

“भीती नाही वाटली?”

“खूप वाटली. पुलावर तर सगळे माझ्याच मागे होते.”

“तरी गेलास.” ती म्हणाली. “आता मला वाटतंय की तुझी तब्येत बरी नाही. मला भीती वाटते. मग मी काय करू?”

तो बराच वेळ भिंतीकडे ऐकत राहिला. तिनं घाई केली नाही. वर्गात काही पोरांना उत्तर सापडायला अख्खा तास लागतो.

“इंदूरला?” तो शेवटी म्हणाला.

“इंदूरला. उद्या सकाळच्या गाडीनं. तुला विचारल्याशिवाय काही देणार नाहीत, सगळं सांगून करतील. मी शेजारी असेन.”

“सगळे या,” श्रीधर म्हणाला. “पण कुणी झोपायचं नाही. मी बघत असताना कुणी झोपायचं नाही.”

“नाही झोपणार,” भय्यासाहेब म्हणाले.

“शपथ,” अक्का म्हणाल्या.

सगळ्यांनी गोपाळकृष्णरावांकडे पाहिलं. “अरे, म्हणजे काय!” ते म्हणाले. “आता ते मिठाचं पाणी प्यायल्यावर महिनाभर झोप लागेल असं वाटत नाही.”

सकाळच्या इंदूरच्या गाडीत आंबर्डेकर एका बाकावर आणि समोरच्या अर्ध्या बाकावर असे ताठ बसले होते, की तिकीट तपासनीसानं बिचकून तिकिटं मागितलीच नाहीत. वहिनींनी डबा बरोबर घेतला होता, पण तो अजून कुणी उघडला नव्हता. श्रीधर विनोदिनीच्या आणि वहिनींच्या मधे होता. तो एकेकाच्या डोळ्यांकडे बघून घेत होता. उघडे. उघडे. उघडे. गोपाळकृष्णरावांचे जरा जास्तच उघडे होते, कारण ते स्वतःला चिमटे काढत होते.

क्षिप्रा मागं पडली. बाहेर शेतांत गव्हाची पेरणी चालली होती. श्रीधरनं आईच्या डब्याकडे बोट केलं. वहिनींनी झाकण काढलं. दशमी होती. अक्कांचा हात सवयीनं पुढं गेला, आणि त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून मांडीवर आपटला. श्रीधरनं दशमीचा तुकडा मोडला, बराच वेळ हातात धरला. मग त्यानं तो आईला दिला. आईनं अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा त्यानं खाल्ला. फक्त तेवढाच, आणि लगेच दाराकडे बघितलं.

थोड्या वेळानं विनोदिनीच्या खांद्यावर काहीतरी जड झालं. तिनं मान न हलवता वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान डोलावली. कितीतरी दिवसांनी पोराचा श्वास लांब आणि सावकाश चालला होता.

“झोपला,” भय्यासाहेब ओठांतल्या ओठांत म्हणाले.

गाडी चालत राहिली. विनोदिनीच्या खांद्याला मुंग्या आल्या, पण तिनं तो हलवला नाही.

“सासूबाई,” गोपाळकृष्णरावांनी अगदी हळू विचारलं, “आता मी पाचच मिनिटं…”

“डोळे उघडे ठेवा, जावईबापू,” अक्का कुजबुजल्या. “आपण पहाऱ्यावर आहोत.”